हिरकणीचा बुरूज : मुलांच्या सायबर-सुरक्षेचे चार पाठ

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते शिक्षण साऱ्या बडोदे राज्यास लागू केले, ही गोष्ट बडोद्यात वाढलेल्या आपणा मराठी कुटुंबांस नवी नाही. मुलांना, विशेषतः मुलींना, शाळेत धाडावे की नाही यावर त्या काळी घरोघर वाद होत. आज तसाच वाद मोबाईलवरून होतो. एक पक्ष म्हणतो, मुलांच्या हाती ही वस्तूच देऊ नये. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चालले पाहिजे, मुले आपोआप शिकतील. आम्हांस वाटते की हे दोन्ही पक्ष शिक्षणाचे काम टाळतात. बंदी घालणे सोपे आणि मोकळे सोडणेही सोपे. शिकवणे तेवढे कष्टाचे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुले केले. त्या वर्षी जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप होऊ लागली आहेत. म्हणजे ही विद्या घरात येऊन एक पिढी लोटली. तरीही रस्ता ओलांडताना उजवीकडे-डावीकडे पाहावे, परक्याने दिलेला खाऊ घेऊ नये, हे जसे आपण बोट धरून शिकवतो, तसे या नव्या रस्त्याचे शिक्षण अजून आपल्या घरांत रुळलेले नाही. कारण उघड आहे. यंत्र चालवण्यात मूल पुढे आणि आजोबा मागे, मग शिकवावयाचे कोणी? परंतु यंत्र चालवणे निराळे आणि माणूस ओळखणे निराळे. पहिल्यात मुले आपले गुरू आहेत. दुसऱ्यात अजूनही वडिलधाऱ्यांचा अनुभवच उपयोगी पडतो. सायबर गुन्ह्यांपैकी पुष्कळसे गुन्हे यंत्र फोडून होत नाहीत, माणसाला फसवून होतात. यास्तव प्रस्तुत लेखात आम्ही यंत्राची माहिती लागेल तेवढीच दिली असून घराघरांत शिकवता येतील असे चार पाठ मांडले आहेत.

आधी एक जुनी गोष्ट

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. कोजागिरीच्या दिवशी दूध विकावयास आलेली गवळण गडावर अडकली. सूर्यास्ताला दरवाजे मिटले, पहारेकरी ऐकेनात आणि खाली घरी तान्हे बाळ. तिने अंधारात कडा उतरून घर गाठले. ही गोष्ट आपण मातृप्रेमाची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. परंतु तिचा उत्तरार्ध सुरक्षेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. गडाचा नियम मोडून ती गेली, म्हणून महाराजांनी तिला दंड केला नाही. साडीचोळी देऊन गौरव केला. आणि जेथून ती उतरली, तेथे बुरूज बांधवला. दरवाजे कितीही भक्कम असले तरी कड्यावरून वाट आहे, ही गडाची उणीव तिच्यामुळे कळली. जिच्यामुळे उणीव कळली तिला शिक्षा झाली असती, तर पुन्हा कोणी असे काही सांगावयास पुढे आले नसते आणि बुरूजही झाला नसता.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. मुलाने चुकून कोणा भामट्याला ओटीपी सांगितला, खेळात पैसे घालवले किंवा अनोळखी माणसाला फोटो पाठवला, तर आपला पहिला शब्द असतो, “आण तो मोबाईल इकडे!” मूल त्यातून एकच धडा घेते, की पुढच्या वेळी सांगावयाचे नाही. भामट्याला हेच हवे असते. त्याचे सारे भांडवल दोन गोष्टींचे असते, घाई आणि गुप्तता. मूल घरी येऊन बोलले की त्या भांडवलाचे दिवाळे वाजते. म्हणून पुढील सर्व पाठांचा पाया आम्ही या एका नियमावर घालतो : घरी येऊन जो खरे सांगेल त्याला त्या सांगण्याबद्दल शिक्षा नाही. पालकांनी हे वाक्य मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि प्रसंग आला म्हणजे पाळावे.

पाठ पहिला : घरची माहिती घरात

मुलांना प्रथम हे समजावे की त्यांचे नाव, जन्मतारीख, शाळा, पत्ता, फोन नंबर आणि आईचे माहेरचे आडनाव ही सारी मिळून एक किल्ली आहे. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक. एकत्र आली की तिच्या बळावर कोणीही आपले सोंग घेऊ शकतो. पासवर्ड विसरल्यास काही ठिकाणी गुप्त प्रश्न विचारला जातो आणि आईचे माहेरचे आडनाव हा त्यांतला नेहमीचा प्रश्न आहे. आता आपल्या समाजाकडे पाहा. आपले कुलवृत्तांत, सभासद-सूची, वधूवर-सूची यांत ते आडनाव गावासकट छापलेले असते! पूर्वी अशी सूची शंभर घरांत राहत असे. आता तिची पीडीएफ एका रात्रीत कोठवर जाईल याचा नेम नाही. यासाठी कुलवृत्तांत बंद करावेत असे आमचे म्हणणे नाही, तो आपला ठेवा आहे. मात्र गुप्त प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन नसते, हे मुलांना सांगावे. तेथे आपल्यालाच ठाऊक असलेले भलतेच उत्तर लिहून ठेवता येते.

पासवर्डचा अर्थ समजावयास मुलांना थोडे गणित करावयास लावावे. चार आकडी पिनच्या शक्यता किती? ०००० पासून ९९९९ पर्यंत, म्हणजे १०,०००. परंतु मुलाने जन्मसाल हाच पिन ठेवला, तर गेल्या शंभर वर्षांतील शंभर साले तपासली की काम झाले. आणि वय अंदाजाने ठाऊक असेल तर पाच-सहा सालेच पुरतात. सहा आकडी पिनच्या शक्यता १० लाख. तेथे जन्मतारीख ठेवली तर शंभर वर्षांच्या सुमारे ३६,५०० तारखा एवढाच शोध उरतो. कुलूप मोठे घेतले आणि किल्ली दारातच टांगली, असा हा प्रकार आहे. कुलदैवताचे नाव लिहून त्यापुढे १२३ जोडण्याची आपल्याकडे फार आवड आहे. देव भक्ताचे रक्षण करतो हे खरे. पण हा पासवर्ड ओळखीचा कोणीही पहिल्या झटक्यात ओळखेल.

लांबीचे महत्त्वही गणितानेच पटते. इंग्रजी लिपीतील २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरी शब्द करावयाचे तर सुमारे २०,८८२ कोटी होतात. ही संख्या मोठी वाटते, पण यंत्राला ती फारशी जड नाही. चारच अक्षरे वाढवून बारा केली, तर हा आकडा आणखी ४,५६,९७६ पट होतो. म्हणून परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द एकापुढे एक ठेवावेत. मुलाने घरातल्या व बाहेरच्या वस्तूंची नावे मनाने जुळवून आपला लांब पासवर्ड करावा. तो लक्षात राहतो आणि ओळखणे कठीण जाते. महत्त्वाच्या प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असावा. एकाच किल्लीने घर, दुकान व तिजोरी उघडू लागली तर एक किल्ली हरवताच सर्वस्व गेले. शिवाय जेथे सोय असेल तेथे दुहेरी पडताळणी सुरू करून ठेवावी. पासवर्ड चोरीस गेला तरी दुसरी खूण पटल्याशिवाय मग दार उघडत नाही.

पाठ दुसरा : शिक्कामोर्तब पाहून मगच विश्वास

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. मराठेशाहीच्या पत्रांत शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब उठवीत, म्हणजे त्याखाली कोणास एक ओळही घुसडता येऊ नये. पत्र खरे कोणाचे आणि ते वाटेत कोणी बदलले तर नाही, हे दोन प्रश्न त्या काळी होते, तेच आजही आहेत. मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक निरोपाला मुलांनी ते विचारावयास शिकले पाहिजे.

संकेतस्थळाचा पत्ता वाचावयास शिकवणे हा यातला सोपा व मनोरंजक भाग आहे. टपालाचा पत्ता जसा घरापासून सुरू होऊन शेवटी गावावर येतो, तसेच येथेही खरा मालक शेवटी सापडतो. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा, म्हणजे सुरुवातीच्या दोन जोड-रेघा सोडून पुढे येणाऱ्या एकेरी रेघेपूर्वीचा, मजकूर घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. आरंभी बँकेचे नाव असेल, पण शेवटी भलतेच काही असेल, तर ती बँक नव्हे. सरकारी स्थळांचा शेवट बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली देशातील बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे पत्ते घ्यावयास लावले, त्यामुळे बँकेची ओळख पटवणे आता सोपे झाले आहे. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले म्हणजे सारे ठीक, अशी अनेकांची समजूत आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की आपले बोलणे वाटेत तिसरा कोणी ऐकत नाही. समोरचा सज्जन आहे, असा त्याचा अर्थ नाही. कुलूप चोराच्या घरालाही असते.

लग्नसराईत तर हा पाठ घरोघर लागतो. हल्ली पत्रिका व्हॉट्सॲपवर येतात आणि २०२४ च्या लग्नसराईत पोलिसांनी अशाच खोट्या पत्रिकांविषयी लोकांस सावध केले होते. पत्रिका म्हणून येई ती प्रत्यक्षात ‘एपीके’ जातीची फाईल, म्हणजे एक लहानसा प्रोग्राम. ती उघडून बसवली की फोनमधले मेसेज, ओटीपी व नंबर परक्याच्या हाती जाण्याचा धोका. मुलांना साधी खूण सांगावी : पत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ असते, पत्रिका वाचावयास प्रोग्राम बसवावा लागत नाही. ओळखीच्या नंबरावरून आली तरीही उघडू नये, कारण त्या बिचाऱ्या काकांचा फोन आधीच बिघडवलेला असू शकतो. काकांना फोन करावा आणि विचारावे.

पैशाच्या बाबतीत एकच वाक्य पाठ असले तरी पुरे : पैसे घेण्यास पिन लागत नाही. यूपीआयचा पिन हा पैसे देण्याचा हुकूम आहे. “क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन घाला, म्हणजे बक्षीस जमा होईल,” असे जो म्हणतो तो आपल्याकडून पैसे घेत असतो. जुनी सायकल किंवा पुस्तके ऑनलाईन विकू पाहणाऱ्या मुलांना हा सापळा हमखास भेटतो. तसेच, “अरे, माझा कोड चुकून तुझ्याकडे आला, तेवढा सांग,” असा मित्राच्या नावाने निरोप आला, तर तो कोड बहुधा आपलेच व्हॉट्सॲप खाते दुसऱ्या फोनवर उघडण्याचा असतो. कोड ज्याच्या फोनवर येतो त्याचाच असतो.

सांप्रत यंत्राच्या साहाय्याने आवाजाचीही नक्कल होते. नातवाच्या आवाजात आजोबांना फोन येतो, “अपघात झाला, लगेच पैसे पाठवा, बाबांना सांगू नका.” यावर तोडगा जुनाच आहे. किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारीत. तसा घराचा एक परवलीचा शब्द ठरवावा. तो कोठे लिहू नये, फोनवरून पाठवू नये, जेवताना तोंडी ठरवावा. शब्द आठवला नाही तरी फोन ठेवून आपल्याजवळच्या नंबरावर आपण उलट फोन करावा. दोन वाटांनी खात्री करणे हीच आजची शिक्कामोर्तबाची रीत.

पाठ तिसरा : ‘घरी सांगू नकोस’ म्हणणारा मित्र

हा पाठ बोलावयास अवघड आहे आणि म्हणूनच तो बहुतेक घरांत बोललाच जात नाही. ऑनलाईन खेळात किंवा गप्पांच्या ठिकाणी मुलांना अनोळखी सोबती मिळतात. त्यांत पुष्कळ साधी मुलेच असतात. परंतु काही जण मुलांचे सोंग घेतलेले प्रौढ असतात आणि त्यांच्या वागण्याला एक ठरलेला क्रम असतो. प्रथम स्तुती, मग खेळातली नाणी किंवा भेट, मग “येथे नको, आपण दुसरीकडे खासगी बोलू”, मग “घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही”, मग एखादा फोटो, आणि तो हाती पडताच धमकी : पैसे दे, आणखी फोटो दे, नाही तर सर्वांना पाठवतो.

समजा, आठवीतल्या मुलाकडून अशी पाच हजारांची मागणी झाली आहे. त्याच्याजवळ पैसे नाहीत. वडिलांना सांगावे तर मार, आईला सांगावे तर रडणे, मित्रांना सांगावे तर हसे. रात्रभर फोन वाजतो आहे. त्या रात्री त्याच्या मनात काय काय येईल, याचा पालकांनी क्षणभर विचार करावा. अशा धमक्यांपायी देशोदेशी कोवळ्या मुलांनी जीव गमावले आहेत. हा धोका मुलींनाच आहे, ही समजूतही काढून टाकावी. पैशासाठी होणाऱ्या अशा खंडणीत बळी पडणाऱ्यांत १४ ते १७ वयाचे मुलगे अधिक आढळतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने दिलेला आहे.

येथे पालकांचे पहिले वाक्य फार मोलाचे ठरते. ते असे असावे : “बरे केलेस सांगितलेस. आता हे माझे काम.” त्यानंतर पुढील क्रम ध्यानी ठेवावा.

१. पैसे देऊ नयेत, आणखी फोटो पाठवू नये. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

२. संभाषण पुसू नये. धमकीचे निरोप, खात्याचे नाव, नंबर, तारीख यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग त्या खात्यास अडवावे. मुलाचा खासगी फोटो मात्र पुरावा म्हणूनही नातेवाइकांस किंवा कोणासही पुढे पाठवू नये.

३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथे, तक्रार नोंदवावी. हे पोर्टल केंद्रीय गृहखात्याचे असून २०१९ पासून चालू आहे. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरावर विनाविलंब फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळवला जाण्यापूर्वी तो वाटेत अडवणे हा त्या नंबराचा उद्देश आहे, म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे.

४. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. मूल स्वतःही येथे बोलू शकते. तातडीच्या प्रसंगी ११२ आहेच. मुलाचे मन फार खचले असेल तर ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर लावावा.

५. अठरा वर्षांखालील व्यक्तीचा खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. अमेरिकेतील एका बालसंरक्षण संस्थेने सुरू केलेली ही सेवा इतर देशांतील मुलांनाही वापरता येते. तीत फोटो पाठवावा लागत नाही. फोटोवरून आकड्यांचा एक ठसा तयार होतो, जसा बोटाचा ठसा. तो ठसाच तेवढा पुढे जातो. या व्यवस्थेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो आपल्याकडे ओळखून काढून टाकू शकतात.

आपला समाज लहान. सारे एकमेकांस ओळखतात, हे आपले बळ आहे आणि अशा वेळी हीच आपली अडचणही होते. “लोक काय म्हणतील?” या एका प्रश्नापायी तक्रारी दाबल्या जातात. पालकांनी हे लक्षात घ्यावे की मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याखाली पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. अब्रू तक्रारीने जात नाही. ती गुन्हेगाराची जावयाची असते. मुलाने विश्वास टाकला आणि एका भामट्याने तो मोडला, यात मुलाची नाचक्की कसली?

पाठ चौथा : आपल्या हातून दुसऱ्यास त्रास नको

आपले मूल फसेल, ही चिंता सर्वांना असते. आपले मूल कोणाला छळील, हा विचार सहसा शिवत नाही. वर्गातल्या मुलाच्या नावाने खोटे खाते काढणे, मुलीच्या फोटोवर यंत्राने भलते शरीर चिकटवणे, एखाद्याचा पासवर्ड पाहून त्याचे निरोप वाचणे, कोणास मुद्दाम गटातून काढून त्याची टिंगल करणे, या गोष्टी मुलांना गंमत वाटतात. कायद्याला त्यांतल्या कित्येक गंमत वाटत नाहीत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली. तीत दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हे ६६ सी कलमात आणि संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हे ६६ डी कलमात आले. दोहोंनाही तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुलांचे अश्लील चित्रण बनवणे, जवळ बाळगणे किंवा पुढे पाठवणे याला ६७ बी कलम आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण दुखावलेल्या मुलाचे दुःख त्याने कमी होत नाही.

कायद्यापेक्षा येथे संस्कार अधिक उपयोगी. मुलाला एक कसोटी द्यावी : जे वाक्य त्या मुलाच्या आईसमोर उभे राहून बोलवणार नाही, ते लिहू नये. आणि गटात कोणाची विटंबना चालली असेल तर हसण्याचे चिन्ह टाकून तीत भर घालू नये. त्या मुलाला वेगळा फोन करावा, “तू एकटा नाहीस,” एवढेच म्हणावे.

कोणत्या वयास काय

आठ वर्षांपर्यंत मुलाने मोठ्यांच्या शेजारी बसूनच पडदा पाहावा. त्याला तीनच गोष्टी शिकवाव्यात : नाव-पत्ता सांगू नये, विचित्र काही दिसले तर फोन पालथा ठेवून हाक मारावी, आणि विकत घेण्याचे बटण मोठ्यांना विचारल्याशिवाय दाबू नये. फोनमध्येही खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करून ठेवावी.

नऊ ते बारा या वयात पहिला व दुसरा पाठ, गणितासकट, उत्तम जमतो. या वयातला मोठा मोह म्हणजे जन्मसाल खोटे लिहून खाते उघडणे आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा आईबापच ते भरून देतात. इन्स्टाग्रामच्या नियमाप्रमाणे किमान वय १३ आहे. २०२४ पासून तेथे किशोरवयीनांसाठी अधिक बंदिस्त खाती सुरू झाली. वय खोटे लिहिले की मूल त्या संरक्षणास मुकते आणि प्रौढांत गणले जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. परंतु पालकच खोट्या वयाला संमती देऊ लागले तर कायदा काय करणार?

तेरापासून पुढे तिसरा व चौथा पाठ मोकळेपणाने बोलावा. या वयात मुलाचे सारे निरोप चोरून वाचणे आम्हांस पसंत नाही. पाळत उघडकीस आली की विश्वास तुटतो आणि मूल दुसरा मार्ग शोधते. रात्री सर्वांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, दिवाणखान्यात एका जागी ठेवण्याचा नियम याहून अधिक हिताचा. मोठ्यांनी तो पाळला नाही तर मुले पाळणार नाहीत, हे सांगणे नकोच.

घरचा स्वाध्याय

एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून पुढील गोष्टी कराव्यात.

१. घरातील प्रत्येकाने आपल्या मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी आहे की नाही ते पाहावे.

२. आलेल्या खोट्या निरोपांपैकी एक निवडून त्यात घाई कोठे आहे व गुप्तता कोठे आहे, ते मुलांनी शोधून दाखवावे.

३. घराचा परवलीचा शब्द ठरवावा.

४. १९३०, १०९८ व ११२ हे नंबर लिहून फ्रीजवर किंवा देवघराशेजारी लावावेत.

५. नातवाने आजी-आजोबांना ‘डिजिटल अटक’ हा पाठ द्यावा. व्हिडिओ कॉलवर पोलीस किंवा न्यायाधीश कोणास अटक करीत नाहीत; अशी अटक आपल्या कायद्यातच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये लोकांस याविषयी सावध केले होते. दुसऱ्याला शिकवताना स्वतःला पक्के समजते, हा शिक्षणातला जुना अनुभव आहे. शिवाय मूल आणि म्हातारे माणूस हीच दोन भामट्याची आवडती गिऱ्हाइके, ती दोघे एकत्र आली तर घराच्या दोन्ही बाजू सांभाळल्या जातील.

संस्थेस एक विनंती

शेवटी विश्वस्त मंडळास आम्ही नम्रपणे एक गोष्ट सुचवतो. गुणगौरवाच्या पानांवर आपण मुलांचे फोटो, पूर्ण नाव, शाळा, टक्के आणि कित्येकदा जन्मतारीख व घरचा फोन नंबर छापतो. कौतुक करावे, अवश्य करावे. परंतु पहिल्या पाठात सांगितलेली किल्ली आपणच कोणाच्या हाती देत नाही ना, हे पाहावे. नाव व यश छापावे; जन्मतारीख, पत्ता व नंबर संस्थेच्या दफ्तरी ठेवावेत. फोटो छापण्यापूर्वी पालकांची संमती तर घ्यावीच, समजत्या मुलाचीही इच्छा विचारावी. सभासद-सूची छापील स्वरूपात सभासदांपुरतीच वाटावी, तिची पीडीएफ गटांतून फिरवू नये. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याच्या सुट्टीत, संस्थेच्या सभागृहात मुलांचा व ज्येष्ठांचा एकत्र असा एक अभ्यासवर्ग घ्यावा. त्यात एक-दोन जाणत्या सभासदांची नावे जाहीर करावीत, ज्यांच्याकडे अडचणीतले मूल, घरी बोलण्याचे धाडस होत नसेल तर, जाऊन बोलू शकेल.

पन्नास वर्षांपूर्वी ही संस्था काढताना आपल्या वडिलांनी शिक्षणनिधी, वसतिगृह, आजारपणातली मदत यांचा विचार केला, कारण त्या काळी घरांना उणीव तेथे होती. आजची उणीव वेगळ्या बाजूस आहे आणि ती कोठे आहे हे आपल्याला बहुधा एखादे घाबरलेले मूलच येऊन सांगणार आहे. ते सांगावयास येईल तेव्हा आपण त्याला जवळ बसवावे, शांतपणे ऐकावे आणि त्या जागी बुरूज बांधावयास घ्यावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एवढा संकल्प केला तर पुढल्या पिढीवर तिचे मोठे उपकार होतील.